बाबा आमटे : जंगल, नदी आणि राज्यकर्त्यांचे निर्णय

ज्येष्ठ समाजसेवक मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे यांचे नाव निघाले की वरोऱ्याचे आनंदवन आणि तेथील कुष्ठरुग्णांची सेवा प्रथम आठवते. मात्र आयुष्याच्या उत्तरार्धातील मोठा काळ त्यांनी जंगले, नद्या आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या आदिवासींसाठी वेचला. या काळात त्यांनी धरणांच्या प्रश्नावर दोन मोठे लढे दिले. इंद्रावती आणि गोदावरीवरील नियोजित धरणांचा निर्णय थांबला. नर्मदेवरील धरण मात्र उभे राहिले. पर्यावरणाचे रक्षण कायद्याने किती होते आणि राज्यकर्त्यांच्या इच्छेने किती, याचा विचार करताना हे दोन्ही लढे शेजारी ठेवून पाहावे लागतात.

शिकारीचा छंद ते कुष्ठसेवा

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका सधन कुटुंबात झाला. वडील सरकारी सेवेत अधिकारी होते आणि वरोऱ्याजवळ गोरजा येथे घरची शेती व जमीनजुमला होता. तरुणपणी बाबांना शिकारीचा छंद होता. स्वतःची मोटार, इंग्रजी चित्रपटांचे वेड आणि त्यांवर परीक्षणे लिहिण्याची हौस असे त्यांचे त्या वेळचे जीवन होते. पुढे जंगल वाचविण्यासाठी झटणारा हा माणूस जंगलात प्रथम शिरला तो बंदूक घेऊन, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी वरोऱ्यात वकिली सुरू केली. १९४२ च्या आंदोलनात अटक झालेल्यांच्या बचावासाठी त्यांनी पुढाकार घेतला. सेवाग्रामच्या सहवासात ते गांधीविचारांकडे ओढले गेले. रेल्वेच्या डब्यात एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना त्यांनी एकट्याने विरोध केला, तेव्हा महात्मा गांधींनी त्यांना अभय साधक असे संबोधले. १९४६ मध्ये साधनाताईंशी त्यांचा विवाह झाला आणि पुढील सर्व कार्यात साधनाताईंची साथ त्यांना लाभली.

वरोरा नगरपालिकेत पदाधिकारी असताना सफाई कामगारांचे जीवन समजून घेण्यासाठी बाबांनी स्वतः मैला वाहण्याचे काम केले. याच काळात पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांच्या दृष्टीस पडला. त्याला पाहून ते प्रथम भयाने दूर झाले. त्या भयाचीच त्यांना लाज वाटली आणि आयुष्याची दिशा ठरली. कोलकाता येथे कुष्ठरोगाविषयीचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली.

माळरानावरचे आनंदवन

सरकारने दिलेल्या सुमारे ५० एकर खडकाळ जमिनीवर १९५१ मध्ये आनंदवनाचा आरंभ झाला. सहा कुष्ठरुग्ण, एक अधू गाय आणि १४ रुपये एवढेच भांडवल होते. विहीर खोदण्यापासून शेती उभी करण्यापर्यंतची कामे रुग्णांनी स्वतःच्या हातांनी केली. काही वर्षांत हे उजाड माळरान हिरवे झाले. दानावर जगण्यापेक्षा श्रमातून माणूस उभा राहावा, हा बाबांचा आग्रह होता. त्यामुळे जमीन, पाणी आणि झाडे यांच्याशी त्यांचे नाते कष्टकऱ्याचे राहिले. पुढे सोमनाथ येथे भरविलेल्या श्रमसंस्कार छावण्यांमधून महाराष्ट्रातील अनेक तरुण त्यांच्या कार्याशी जोडले गेले.

हेमलकसा आणि माडिया गोंड

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाचा हा प्रदेश दाट जंगलाचा होता. माडिया गोंड आदिवासींपर्यंत रस्ता, दवाखाना किंवा शाळा पोहोचलेली नव्हती. बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे आणि स्नुषा डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे आरोग्यसेवा आणि शिक्षणाचे काम हाती घेतले.

माडियांच्या जगण्यात अन्न, औषध, घर, देव आणि सण या सर्वांचा संबंध जंगलाशी होता. जंगल बुडाले तर भरपाईच्या रकमेतून यांपैकी काय परत मिळणार, हा प्रश्न बाबांपुढे लवकरच प्रत्यक्ष उभा राहिला.

दोन धरणे आणि तीन राज्ये

गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणे बांधण्याची योजना होती. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि तत्कालीन मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांचा तीत संबंध होता. गोदावरी पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा १९८० मध्ये आला आणि राज्यांमधील करारांमुळे या धरणांचा मार्ग मोकळा झाल्यासारखे दिसू लागले. राज्यांचे पाण्याविषयीचे दावे लवादापुढे मांडले गेले होते. ज्यांची गावे आणि जंगले पाण्याखाली जाणार होती, त्या माडिया आणि गोंड आदिवासींचा मात्र त्या वाटाघाटीत आवाज नव्हता. सागवानाची जंगले आणि बस्तरच्या बाजूला रानम्हशींचा अधिवासही धोक्यात येणार होता.

याच वर्षी कायद्याच्या चौकटीत एक महत्त्वाचा बदल झाला होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत आणले होते. त्यापाठोपाठ १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमिनीचा वनेतर कामासाठी वापर करण्यापूर्वी केंद्र सरकारची संमती घेणे राज्यांना बंधनकारक केले. राज्ये धरणासाठी एकमत झाली तरी अखेरचा शब्द आता दिल्लीचा होता. त्यामुळे आदिवासींच्या आंदोलनाला दाद मागण्यासाठी एक निश्चित दार मिळाले.

जंगल बचाव, मानव बचाव या नावाने हे आंदोलन उभे राहिले. त्यात बाबांसोबत आदिवासी नेते लाल श्याम शाह होते. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या पानाबरस येथील जमीनदार घराण्यातील लाल श्याम शाह १९६२ मध्ये चांदा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले होते. राज्यांच्या सीमा ओलांडून आदिवासींना एकत्र आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९८४ मध्ये गडचिरोली परिसरातील हजारो आदिवासी या आंदोलनात उतरले. मणक्याच्या तीव्र विकारामुळे बाबांना बसता येत नसे. उभे राहणे किंवा आडवे पडणे एवढेच त्यांना शक्य होते. तशा अवस्थेत ते या आंदोलनासाठी झटत होते.

बाबांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांना पत्र लिहून हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडला. इंदिराजींनी ऑगस्ट १९८४ मध्ये उत्तर पाठविले आणि विकास प्रकल्पांमुळे आदिवासींचे विस्थापन होते याविषयी खेद व्यक्त केला. दोनच महिन्यांनी त्यांची हत्या झाली. मात्र ही दोन्ही धरणे पुढे सरकली नाहीत. कायद्याने केंद्राला दिलेला अधिकार, संघटित लोकमत आणि सर्वोच्च पदावरील व्यक्तीची सहानुभूती या तिन्ही गोष्टी त्या वेळी एकत्र आल्या होत्या.

नर्मदेच्या काठी

नर्मदेच्या बाबतीत हा योग जुळून आला नाही. सरदार सरोवर प्रकल्पाची कोनशिला पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९६१ मध्येच बसविली होती. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ च्या अखेरीस निवाडा देऊन धरणाची उंची १३८.६८ मीटर ठरविली. गुजरातला सिंचन आणि पिण्याचे पाणी हवे होते. कच्छ व सौराष्ट्रातील टंचाई हा तेथील सर्वच राजकीय पक्षांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न होता. मध्य प्रदेशाला ५७ टक्के आणि महाराष्ट्राला २७ टक्के वीज मिळणार होती. १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. १९८७ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने संमती दिली, तेव्हा पर्यावरणविषयक अनेक अभ्यास पूर्ण व्हायचे होते. संमती आधी आणि अभ्यास नंतर, असा हा क्रम होता.

जुलै १९८८ मध्ये बाबांनी आनंदवनात देशभरातील पर्यावरण कार्यकर्त्यांना एकत्र बोलावले आणि मोठ्या धरणांच्या विरोधात सामूहिक निवेदन प्रसिद्ध झाले. २८ सप्टेंबर १९८९ रोजी मध्य प्रदेशातील हरसूद येथे झालेल्या विराट मेळाव्यात ते सहभागी झाले. नर्मदासागर धरणामुळे बुडणाऱ्या गावांपैकी हरसूद एक होते. १९९० मध्ये बाबा आणि साधनाताई आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावद येथे नर्मदेच्या काठी राहावयास गेले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाबांचा हा निर्णय अनेकांना धक्का देणारा होता.

डिसेंबर १९९० मध्ये नर्मदा खोऱ्यातील विस्थापितांची संघर्ष यात्रा धरणाच्या दिशेने निघाली. बाबा तिच्या अग्रभागी होते. गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे ती अडविण्यात आली. मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दीर्घ उपोषण केले. या घटनेनंतर जागतिक बँकेने स्वतंत्र फेरपाहणी समिती नेमली. मोर्स समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला आणि त्यात पुनर्वसन व पर्यावरणविषयक त्रुटींवर कठोर टीका होती. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज न घेण्याचे ठरविले. धरणाचे काम मात्र थांबले नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रातील मणिबेली या पहिल्या गावात पाणी शिरले.

आदिवासींना मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ बाबांनी १९९१ मध्ये पद्मश्री आणि पद्मविभूषण हे दोन्ही किताब सरकारला परत केले. पद्मश्री त्यांना १९७१ मध्ये आणि पद्मविभूषण १९८६ मध्ये मिळाले होते. कुष्ठसेवेसाठी ज्या बाबांचा देशाने एकमुखाने गौरव केला, त्यांनाच नर्मदेच्या प्रश्नावर विकासविरोधी ठरविले गेले.

न्यायालयाचा निकाल

नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९५ मध्ये धरणाची उंची वाढविण्यास स्थगिती मिळाली. १८ ऑक्टोबर २००० रोजी न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने, अटींसह, धरण पूर्ण करण्यास परवानगी दिली. अल्पमतातील न्यायमूर्तींनी पर्यावरणाचा रीतसर विचार होऊन नव्याने संमती घेतली जावी, असे मत नोंदविले होते. हरसूद २००४ मध्ये रिकामे झाले. सरदार सरोवर धरणाचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. गुजरातच्या अनेक भागांना त्याचे पाणी मिळाले, हे खरे आहे. आणि नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील आदिवासींना त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी सोडावी लागली, हेही तितकेच खरे आहे.

सुमारे दहा वर्षे नर्मदेकाठी राहून बाबा आनंदवनात परतले. १९९९ चा गांधी शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. मॅगसेसे, टेम्पल्टन आणि संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार हे सन्मान त्यांना पूर्वीच लाभले होते. रक्ताच्या कर्करोगाने ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दहनाऐवजी आनंदवनाच्या मातीतच त्यांना समाधी देण्यात आली. ९ जुलै २०११ रोजी साधनाताईंचेही निधन झाले.

मागे राहिलेले काम

बाबांच्या आंदोलनाचा एक परिणाम धरणांच्या प्रश्नापलीकडे गेला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव १९८४ च्या चळवळीतून जागे झाले. आपल्या गावाचे निर्णय ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचे, ही रीत तेथे रुजली. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते.

धोरणांचा प्रवाह मात्र एकाच दिशेने वाहत नाही. १९९४ मध्ये प्रकल्पांसाठी पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे झाले. २०२३ मध्ये १९८० च्या वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन काही वनजमिनी आणि काही कामे त्याच्या कक्षेबाहेर गेली. इंचमपल्ली धरण झाले नाही. पण सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर गोदावरीवरील मेडीगड्डा बंधारा २०१९ मध्ये पूर्ण झाला आणि २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाल्यावर इंद्रावतीच्या पलीकडच्या तीराचे निर्णय भोपाळऐवजी रायपूरमध्ये होऊ लागले. रायपूरलगतच्या भनपुरी, उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांत प्रश्न कारखान्यांच्या धुराचा आहे, तर बस्तरमध्ये खाणींचा आणि जंगलाचा. दोन्हीकडे संमती, अटी आणि त्यांची अंमलबजावणी सरकारच्याच हाती असते.

इंद्रावतीच्या काठी बाबांना कायदा, लोकमत आणि राज्यकर्त्यांची इच्छा यांचे पाठबळ एकाच वेळी मिळाले. नर्मदेच्या काठी लोकमतच विभागलेले होते, राज्यांचे हितसंबंध प्रबळ होते आणि संमतीपत्रावर सही आधीच झाली होती. हेमलकशाजवळच्या संगमावर आजही तिन्ही नद्या मोकळ्या वाहतात, आणि त्यांच्या काठची माडियांची गावे आपल्या जागी आहेत.