कोटणीसांच्या अंगावरचं कापड

आमच्या धाराशिव जिल्ह्यात लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की आजही पहिलं नाव निघतं ते सोलापूरचं. तुळजापूरचा घाट उतरला की तासाभरात माणूस सोलापुरात पोचतो. निजामाच्या काळात आमचा मुलूख वेगळा आणि सोलापूर इंग्रजांचं, पण कापडाला सरहद्द नव्हती. सोलापूरची चादर आमच्या घराघरात होती. अशा या कापडाच्या गावात जन्मलेल्या एका डॉक्टरवर मी नाटुकलं लिहिलं आणि ते कापडापाशीच अडलं, त्याची ही हकिगत.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी काहीतरी लिहून द्या, अशी गावातल्या शिक्षकांची मागणी होती. निवृत्त बँक अधिकारी आणि त्यातून कादंबरीकार, म्हणजे फुकट लिहून देणारा हक्काचा माणूस. मी लिहून दिलं. तालमी सुरू झाल्या. मग एक दिवस भाड्याच्या ड्रेपरीची पेटी आली. ती उघडताच मुलं हसून लोळू लागली. पिवळ्याधमक सॅटिनचा पायघोळ झगा, त्यावर ड्रॅगन, वेताची टोकदार टोपी, पाठीवर सोडायची लांब वेणी आणि ओठांच्या दोन्ही कडांना लोंबणारी मिशी.

मला मात्र हसू आलं नाही. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी असाच झगा घालून मी शाळेच्या रंगमंचावर गेलो होतो. १९६२च्या युद्धाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. चिनी म्हणजे एक तर राक्षस, नाही तर विदूषक. डोळ्यांच्या कडा कोळशाने ओढून, तोंडाने चँगचूँग करत मी सगळ्या सभागृहाला हसवलं होतं आणि बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळवली होती. आता त्याच झग्यात कोटणीसांची पत्नी रंगमंचावर येणार होती. नवऱ्याच्या मरणाची बातमी ऐकताना ती त्या सॅटिनमध्ये उभी राहिली असती आणि लोक हसले असते. पेटी परत पाठवा, असं मी सांगून टाकलं. शिक्षक म्हणाले, ठीक आहे, मग तुम्हीच कपडे सांगा. बोलून बसलो होतो. सांगणं भाग होतं.

बँकेत कर्ज मंजूर करण्याआधी कागद तपासायची सवय हाडात मुरलेली. पुस्तकं काढली, जुनी छायाचित्रं जमवली आणि ओळीने शोध घेत गेलो. ड्रॅगनचा झगा हा मांचू राजदरबाराचा, त्यातही पाच नखांचा ड्रॅगन सम्राट आणि त्याच्या अगदी निकटच्यांपुरता. वेणी ही मांचूंनी सतराव्या शतकात पुरुषांवर लादलेली सक्ती. १९११ची क्रांती झाली, राजवट गेली आणि वेण्याही कापल्या गेल्या. टोकदार टोपी मुख्यतः दक्षिणेकडच्या भातखाचरांतली, तर उंच गळ्याचा तलम अंगाबरोबरचा झगा शांघायसारख्या शहरांतली विसाव्या शतकातली फॅशन. कोटणीस ज्या चीनमध्ये राहिले आणि वारले, त्या चीनमध्ये यातलं काहीच नव्हतं. मग काय होतं? ते कळण्यासाठी त्या माणसाच्या मागोमाग जाणं आलं.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. वडील गिरणीत नोकरीला. सोलापुरात तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर घरातला चहा उकळायचा आणि निजानीज व्हायची. द्वारकानाथ विशीच्या उंबरठ्यावर असताना, मे १९३०मध्ये शहर इंग्रज सत्तेविरुद्ध उठलं आणि सरकारने मार्शल लॉ पुकारला. १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी झाली. अंगावर गिरणीचं कापड घालायचं, विलायती घालायचं की खादी, याला त्या दिवसांत अर्थ होता. कापडावरून माणसाची बाजू कळत असे. हे ज्या गावाने भोगलं, त्या गावचा हा मुलगा मुंबईला सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाला.

१९३७मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी देशाला आवाहन केलं. सुमारे २२ हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या लढ्यासाठी डॉक्टर पाठवावेत, याचं आज नवल वाटतं. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांची बोट मुंबईहून निघाली. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

चीनमध्ये या पाचही जणांना चिनी नावं मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी हुआ, म्हणजे चीन. कोटणीसांचे के दिहुआ झाले. पथक चुंगकिंगला असतानाच त्यांना घरून वडील गेल्याची बातमी आली. परत येण्याची मोकळीक होती. घरची ओढ काय असते हे सांगायला नको. पण ते थांबले आणि फेब्रुवारी १९३९मध्ये पथकाबरोबर येनानला पोचले.

येनान म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेली घरं. तिथे होती कम्युनिस्टांची आठवी रूट आर्मी. इथेच माझ्या कापडाच्या शोधाला पहिला धागा लागला. एकीकडे जपानी सैन्य, दुसरीकडे पुढे पुढे चँग कै शेकच्या सरकारने केलेली कोंडी. बाहेरून कापड येईना. तेव्हा या लोकांनी काय केलं, तर चरखे हाती घेतले. सैनिक, विद्यार्थी, मोठमोठे पुढारी, सगळे सूत कातायला बसले. सोलापुरातून खादीचं वारं अंगावर घेऊन निघालेल्या माणसाला हिमालयापलीकडे चरखाच भेटला. खाणंही राळ्याचं. आपल्याकडे आजीच्या पिढीपर्यंत राळे पेरले जात, तेच.

त्या सैन्याचा गणवेश करड्या सुती कापडाचा. मध्ये बटणांची रांग, पडती कॉलर, छातीवर खिसे, पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या. रंगाई मिळेल त्या साधनांनी केलेली, त्यामुळे सगळ्या सदऱ्यांचा करडा एकसारखा नसे. आणि टोपीवर लाल तारा नाही! हे वाचून मीच चमकलो. लाल तारा आपल्या डोळ्यांत इतका बसलेला आहे. पण १९३७मध्ये जपानशी लढण्यासाठी कम्युनिस्ट आणि कुओमिंतांग यांच्यात समेट झाला, तेव्हा ही फौज राष्ट्रीय सैन्यात गणली गेली आणि टोप्यांवरचा लाल तारा उतरून निळ्या वर्तुळातला पांढरा सूर्य आला. कोटणीस चीनमध्ये होते ती सगळी वर्षं त्याच समेटाची. लाल तारा लावला, तर त्यांची टोपीच चुकते.

चोळकर आणि मुखर्जी १९३९मध्येच मायदेशी परतले, पुढे अटलही परतले. कोटणीस मात्र शत्रूच्या पिछाडीला, उत्तर चीनच्या डोंगराळ प्रदेशात गेले. कॅनडाहून आलेले डॉ. नॉर्मन बेथ्यून तिथे जखमी सैनिकांवर उपचार करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ला वारले होते. त्यांच्या नावाने निघालेल्या शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. रुग्णालय म्हणजे गावातली घरं. शत्रू आला की जखमींसह सगळं उचलून डोंगरात न्यायचं. लढाई पेटली की दिवसरात्र शस्त्रक्रिया. त्यातच चिनी भाषेत विद्यार्थ्यांना शिकवायचं. ही भाषा ते तिथेच शिकले होते.

होपेई प्रांतातला हिवाळा गोठवणारा. तिथला शेतकरी काय किंवा सैनिक काय, कापूस भरलेला कोट घालणार. दोन पदरांत कापूस पसरून वरून टाके, म्हणजे अंगात घालायची दुलईच. शेतकऱ्याच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि उजव्या कुशीला कापडाच्याच गुंड्यांनी बंद होते. उलटी बाजू मेलेल्यांसाठी, अशी जुनी समजूत. आणि पायांत कापडी जोडे. फाटक्या चिंध्या खळीने एकावर एक चिकटवून, वाळवून, जाड दोऱ्याने टाके घालून त्यांचे तळवे करायचे. हे जोडे गावोगावच्या बायका सैन्यासाठी शिवून देत. वाचता वाचता मला आईची वाकळ आठवली. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरून ती असेच टाके घालत बसे. आपल्याकडे बाई ते अंथरायला करते, तिथे चालायला.

क्वो चिंगलान ही त्या प्रदेशात परिचर्या शिकवणारी तरुणी. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात १९४०मध्ये तिने या भारतीय डॉक्टरला पहिल्यांदा पाहिलं. नोव्हेंबर १९४१मध्ये दोघांचं लग्न झालं. तिच्या अंगावर ना रेशीम ना ड्रॅगन. तीही त्याच फौजेची, तिचाही गणवेश करडा, सुती. २३ ऑगस्ट १९४२ला मुलगा झाला. त्याचं नाव यिन्हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

कोटणीसांना दरम्यान फेपऱ्याचे झटके येऊ लागले होते. विश्रांतीचे सल्ले मिळत, पण कामात ते मागे पडत. ९ डिसेंबर १९४२ला ते गेले. वय अवघं बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचं. ज्या वयात आपली मुलं पहिल्या घराच्या कर्जासाठी बँकेत येतात, त्या वयात हा माणूस आयुष्य संपवून होपेईच्या मातीत निजला. पुढे शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी झाली. यिन्हुआही डॉक्टरकी शिकत होता, पण १९६७मध्ये ऐन पंचविशीत तोही गेला. चिंगलानने दोन्ही दुःखं पचवली. ती भारतात येऊन कोटणीसांच्या आप्तांना भेटत राहिली आणि २०१२मध्ये वारली. सोलापूरची ही सून आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

व्ही. शांतारामांनी १९४६मध्ये डॉ. कोटणीसांवर चित्रपट काढला. स्वतः कोटणीस झाले, जयश्री चिंगलान झाल्या. त्या चित्रपटामुळे कोटणीस घराघरात पोचले, हे ऋण मोठं आहे. पण पडद्यावरचं कापड कॅमेऱ्यासाठी विणलेलं असतं. ते बघून शिवायला बसू नये, एवढं मी शिकलो.

आता शिवायचं कोणी? गावातल्या एका आक्कांना मी शाखाधिकारी असताना शिलाई मशिनसाठी कर्ज दिलं होतं. हप्ता एकही चुकला नव्हता. त्यांच्यापुढे छायाचित्रं ठेवली. शेतकऱ्याच्या कोटाकडे बघून त्यांनी क्षणात ओळखलं की याला खांद्यावर जोड नाही आणि बाही वेगळी लावलेली नाही. कापड दुमडून अंग आणि बाही एकातच बेतलीय. अरुंद मागावरचं कापड, म्हणून पाठीत मधोमध शिवण आणि बाहीला पुढे तुकडा. मी आठ दिवस पुस्तकं चाळून जे शोधलं, ते त्यांच्या बोटांनी दोन मिनिटांत वाचलं. मांजरपाट आणला, काळ्या रंगाच्या पातळ पाण्यात बुडवून करडा केला. प्रत्येक सदरा वेगळ्या छटेचा निघाला. शिक्षक हिरमुसले. मी म्हटलं, राहू द्या, तसंच होतं.

वाद झाला तो टोपीवरून. लाल ताऱ्याशिवाय लोकांना चिनी फौज कळणार कशी, असा शिक्षकांचा मुद्दा होता आणि तो अगदीच चूक नव्हता. शेवटी निळ्या चकतीवर पांढरा सूर्य लावला आणि सूत्रधार मुलीच्या तोंडी समेटाची दोन वाक्यं घातली.

संमेलनाच्या रात्री आठवीतली एक मुलगी चिंगलान होऊन आली. करडा कापूसभरला कोट, पायांत चिंध्यांचे जोडे, कडेवर फडक्यात गुंडाळलेलं बाळ. सभागृह गप्प होतं. कोणी हसलं नाही. प्रयोगानंतर एक म्हातारी पुढे आली, त्या मुलीच्या कोटाची बाही चिमटीत धरून तिने टाके पाहिले आणि ही कुठल्या गावची वाकळ म्हणून विचारलं. मुलीने गावाचं नाव सांगितलं. म्हातारीला ते काही उच्चारता आलं नाही. पण टाका बारीक आहे, एवढं मात्र तिने आवर्जून सांगितलं.