राजाशी समेट मागणारा क्रांतिकारक

विश्वेश्वरप्रसाद कोईराला यांचा जन्म १९१४ साली बनारसमध्ये झाला. नेपाळची सत्ता १८४६पासून राणा घराण्याकडे होती. राजा केवळ नामधारी होता. १९४२च्या भारतीय स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेल्या कोईरालांनी १९५०मध्ये राणांविरुद्ध सशस्त्र उठाव उभारला. तडजोड मात्र दिल्लीत झाली. फेब्रुवारी १९५१मध्ये राणाशाही संपली. पण तिची सत्ता जनतेकडे न येता हळूहळू राजवाड्यात स्थिरावली.

१९५९च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नेपाळी काँग्रेसने १०९पैकी ७४ जागा जिंकल्या आणि कोईराला पंतप्रधान झाले. जमीनदारांचे बिर्ता हक्क रद्द करण्याचा कायदा त्यांच्या सरकारने केला. डिसेंबर १९६०मध्ये राजे महेंद्र यांनी सरकार बरखास्त करून त्यांना अटक केली. आठ वर्षांचा कारावास, पुढे भारतात विजनवास. तरीही अटकेची खात्री असताना १९७६मध्ये ते राजाशी राष्ट्रीय समेटाची भूमिका घेऊन मायदेशी परतले. १९८२मध्ये त्यांचे निधन झाले.

१९९०च्या जनआंदोलनाने राजसत्तेवर घातलेल्या मर्यादा २००५मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी झुगारल्या. २००६मध्ये जनता पुन्हा रस्त्यावर उतरली आणि २८ मे २००८ रोजी राजेशाहीच संपुष्टात आली. कोईरालांचा समेट राजवाड्याने मनापासून स्वीकारला असता, तर कदाचित ही वेळ आली नसती.