लक्ष्मीबाई टिळकांची पंगत



‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) आपणांस ठाऊक आहेत. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही लेक. वडिलांचे सोवळे असे कडक, की बाजारातला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली स्नानसंस्कार घेतला आणि दोघांची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या. पण आपली चूल व पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. पुढे विचार करता करता त्यांना उमगले, की जात देवाने नव्हे, माणसाने केली आहे. मग त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. त्यांचा स्नानसंस्कार त्यानंतर, १९०० साली झाला.

त्या प्रॉटेस्टंट पंथाच्या. तरी हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ख्रिस्ताकडे येताना भाकरीचा अडसर आधी दूर झाला. एम्माऊसच्या वाटेवरील शिष्यांनाही भाकर मोडतानाच प्रभूची ओळख पटली.

नवी मुंबईत आपण गावोगावहून आलो आहोत. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारतो. मिस्सानंतर मात्र आपापल्या माणसांतच रमतो. ज्याच्या घरी आपण अजून पाणीही प्यायलो नाही, अशा एका कुटुंबाला या आठवड्यात जेवायला बोलावू या.