७५० पैकी २८२

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी. चाळीस टक्केही नाहीत! वस्तीतल्या पालकांना आम्ही हा आकडा सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

गुणपत्रिकेत बरेच काही येत नाही. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे. तहान लागली तरी शिपाई नळ सोडेपर्यंत थांबायचे. पुढे मुंबईत संस्कृत शिकायचे होते, ते नाकारले गेले म्हणून फारसी घेतली. हे कोणत्या रकान्यात मांडणार?

कोलंबिया, लंडन, १९२३ ची डी.एस्सी. हे सारे आपल्याला पाठ आहे. ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, हे कमी आठवते. म्हणजे परीक्षेच्या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या होत्या. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी परीक्षा आणि शिक्षण यांतला फरक ठामपणे मांडला. दर्जा वाढवण्याच्या नावाखाली परीक्षा कठोर केल्याने मागासलेले समाज विद्यापीठाबाहेरच राहतात, ही त्यांची तक्रार होती.

आमच्या अभ्यासिकेत मुले आजही चाचणीचे पेपर आणतात. वर लाल शाईत आकडा असतो. काय चुकले, ते कुठेच लिहिलेले नसते.