सेवाग्रामच्या बा

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले, तेव्हा कस्तुरबांनी सदुसष्टी गाठली होती. जन्म पोरबंदरचा, भाषा गुजराती. संसाराची बरीच वर्षे दक्षिण आफ्रिकेत आणि साबरमतीच्या आश्रमात गेलेली. उतारवयात माणसाला आपल्या घराची ओढ लागते. बांनी मात्र बापूंसोबत पुन्हा नव्या मुलखात बिऱ्हाड मांडले.

त्यांचे तिथले पहिले घर म्हणजे आदि निवास. साध्या मातीच्या त्या घरात बापू, बा, प्यारेलालजी, इतर आश्रमवासी आणि पाहुणे असे सगळे एकत्र राहत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि खान अब्दुल गफार खान यांचाही मुक्काम तिथेच झाला. इतक्या पुरुषमंडळींत बांची कुचंबणा होई. जमनालालजी बजाज यांनी ती ओळखली आणि बांसाठी वेगळी कुटी बांधून दिली. तीच आजची बा कुटी.

पहाटेची प्रार्थना, स्वयंपाकघर, सूतकताई, आजाऱ्यांची विचारपूस, सायंप्रार्थना असा बांचा दिवस जाई. १९४० साली शेगावचे सेवाग्राम झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये बांना अटक झाली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, बंदिवासातच त्यांनी देह ठेवला. सेवाग्रामला परतणे झालेच नाही.

बांच्या त्यागाला आपण नमस्कार करतो. त्यांची अडचणही लक्षात ठेवू या. आपल्या रिसाली-भिलाईत एखादे वयस्कर जोडपे सेवाकार्यासाठी मुक्कामाला आले, तर त्यातल्या आजींना निवांत कोपरा मिळाला का, हे आधी पाहावे. सेवा करणाऱ्याची सोय पाहणे हीसुद्धा सेवाच आहे.