विश्लेषण : महालही त्यांच्याच कॅमेऱ्यात, दुष्काळही... राजा दीनदयाळ यांच्याकडून फोटोची चौकट कशी शिकायची?

आजचा धाराशिव जिल्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार मुळात सार्वजनिक बांधकाम खात्यातले इंजिनीअर होते. फोटोग्राफीचे कोणतेही कॉलेज न पाहता ते व्हिक्टोरिया राणीच्या छायाचित्रकारांच्या यादीत कसे पोहोचले? आणि त्यांचे दोन परस्परविरोधी फोटो शेजारी ठेवले, तर मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला काय शिकायला मिळते?

पावसाळ्यात नळदुर्गचे नर-मादी धबधबे सुरू झाले की किल्ल्यावर गर्दी होते. घरी परतेपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पाणीमहालाचे पन्नास-साठ फोटो जमा झालेले असतात. त्यातला एक स्टेटसला जातो. तोच का निवडला, बाकीचे का नाही, याचे उत्तर मात्र बहुतेकांना देता येत नाही. फोटो काढणे फुकट झाले, पण फोटो पाहणे शिकायचे राहून गेले. एका फोटोसाठी एक काच खर्ची पडायची, त्या काळात लाला दीनदयाळ हेच पाहणे शिकले.

कोण होते राजा दीनदयाळ?

दीनदयाळ यांचा जन्म 1844 मध्ये मेरठजवळच्या सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. 1866 मध्ये त्यांनी रुडकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश घेतला. हेच कॉलेज आज आयआयटी रुडकी म्हणून ओळखले जाते. शिक्षण संपवून ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले. बांधकामाचा खर्च काढायचा, नकाशे आखायचे, असे ते काम. पगार ठरलेला होता आणि नोकरी सरकारी होती.

1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. तेव्हा ते तिशीत होते. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारतातील ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक आणि 1875-76 च्या भारत दौऱ्यावर आलेले प्रिन्स ऑफ वेल्स यांचे फोटो काढण्याची संधीही त्यांना मिळाली. नोकरी सांभाळून जोपासलेला हा छंद दहा-बारा वर्षांत इतका वाढला की त्यांनी सरकारी नोकरी सोडली. पुढे ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना राजा हा किताब दिला आणि मुसव्विर जंग असा सन्मानही केला. सिकंदराबाद, इंदूर आणि 1896 मध्ये मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते.

शिक्षक नव्हता, मग चुका कोण दाखवत होते?

दीनदयाळ यांच्या शिकण्याचे मर्म या प्रश्नात आहे. त्यांच्या कामावर शेरा मारणारे तीन परीक्षक सतत हजर होते.

पहिला परीक्षक म्हणजे काच. त्यांनी सुरुवात केली त्या काळी कोलोडियन पद्धत रूढ होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. हे सगळे काही मिनिटांत उरकावे लागे. म्हणजे मुक्कामाच्या जागीच निकाल कळायचा. चौकट चुकली असेल तर पुन्हा काच, पुन्हा रसायन, पुन्हा धावपळ. 1880 च्या दशकात तयार ड्राय प्लेट आल्या आणि ही दगदग कमी झाली, पण तोवर नजर घडलेली होती.

दुसरा परीक्षक म्हणजे काम देणारा माणूस. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला सर लेपेल ग्रिफिन यांच्यासोबत दीनदयाळ यांनी मध्य भारतातील वास्तूंचा दौरा केला. त्यातून 1886 मध्ये ग्रिफिन यांचा मध्य भारतातील प्रसिद्ध स्मारकांवरील ग्रंथ निघाला. ग्वाल्हेर, सांची, खजुराहो, ओरछा, दतिया येथील वास्तूंचे फोटो काढताना शोभेपुरते काम भागणार नव्हते. पुस्तक पाहणाऱ्याला इमारतीची उंची, रुंदी आणि कोरीवकाम कळले पाहिजे, अशी त्या कामाची गरज होती. नकाशे आखलेल्या हाताला ती नवी नव्हती.

तिसरा परीक्षक म्हणजे गिऱ्हाईक. स्टुडिओत पैसे मोजून आलेल्या माणसाला स्वतःचा चेहरा आवडला नाही, तर दुसऱ्यांदा तो येत नाही. पडद्यातील स्त्रिया पुरुष छायाचित्रकारासमोर बसत नव्हत्या. म्हणून 1892 मध्ये हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ सुरू झाला आणि तो एका ब्रिटिश महिलेकडे सोपवण्यात आला. गिऱ्हाइकाची अडचण ओळखून व्यवसायाची पद्धतच बदलण्याचे हे उदाहरण आहे.

उलटे चित्र पाहण्याचा काय फायदा?

त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या मागे दुधी काच असे. डोक्यावर काळे कापड घेऊन छायाचित्रकार त्या काचेवर पाहत असे. लेन्समधून आलेले दृश्य तिथे उलटे दिसायचे, म्हणजे जमीन वर, आकाश खाली आणि डावे-उजवेही बदललेले.

ही अडचण वाटते, पण शिकणाऱ्यासाठी ती सोय होती. दृश्य उलटे झाले की हा बुरूज, हा माणूस असे नावाने ओळखणे मागे पडते. काळे किती, पांढरे किती, वजन कोणत्या बाजूला झुकले, रेघ कुठून कुठे जाते, हेच आधी दिसते. चौकट साधणे म्हणतात ते हेच.

शिवाय त्या प्लेट निळ्या प्रकाशाला जास्त आणि लाल रंगाला फारच कमी दाद देत. निळे आकाश पांढरेफटक यायचे, लाल पागोटे काळपट व्हायचे. डोळ्याला दिसणारे दृश्य आणि काचेवर उतरणारे दृश्य यांत फरक पडणार, हे गृहीत धरूनच उभे राहावे लागे. आकाश कोरे येणार असेल तर चौकटीत ते किती ठेवायचे, हा निर्णय आधीच घ्यायचा.

दीनदयाळ यांच्या वास्तूंच्या अनेक फोटोंत कुठेतरी एखादा माणूस उभा किंवा बसलेला दिसतो. तो असला की दरवाजा किती उंच आहे, हे पट्टी न लावता कळते. एस्टिमेटरची सवय इथेही सुटलेली नाही, असे म्हणायला जागा आहे.

धाराशिवशी याचा संबंध काय?

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. त्या काळात कॅप्टन मेडोज टेलर यांनी नळदुर्गला राहून या भागाचा कारभार पाहिला. 1860 मध्ये हा मुलूख निजामाकडे परत आला आणि 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानातच राहिला. पुढे जिल्ह्याला मिळालेले उस्मानाबाद हे नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडले होते.

म्हणजे दीनदयाळ ज्या सत्तेचे छायाचित्रकार होते, त्याच सत्तेला नळदुर्ग, तुळजापूर, परंड्याचा शेतकरी सारा भरत होता. दरबारातल्या झगमगाटाची दुसरी बाजू या भागाने सोसली आहे. म्हणूनच त्यांच्या फोटोंची पुढची जोडी इथल्या वाचकाने नीट पाहण्यासारखी आहे.

एकच संस्था, दोन टोकांचे फोटो

एका बाजूला निजामी वैभव आहे. फलकनुमा महालातील दालने, झुंबरे, मेजवान्या, लष्करी संचलने. 1902 मध्ये हैदराबाद संस्थानात शिकारीला आलेले व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि त्यांच्या पत्नी मारलेल्या वाघाजवळ उभे आहेत, हा या संस्थेचा बहुधा सर्वांत जास्त छापला गेलेला फोटो असावा.

दुसऱ्या बाजूला त्याच सुमाराचे औरंगाबाद भागातील दुष्काळाचे फोटो आहेत. 1899-1900 च्या दुष्काळाने संस्थानातील मराठी मुलखाला मोठा तडाखा दिला. निजाम सरकारने काढलेल्या मदतकामांची नोंद दीनदयाळ यांच्या संस्थेने कॅमेऱ्यातून केली. मदतकामांवर जमलेली, अंगावर जेमतेम कापड असलेली माणसे या फोटोंत दिसतात. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली, तलावाच्या कामावर गेलेली, सुकडी खाल्लेली पिढी धाराशिवमध्ये आजही आहे. तिला हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही.

आता चौकटीचा प्रश्न येतो. हे फोटो सरकारी मदतीच्या कामाची नोंद म्हणून काढलेले आहेत. त्यामुळे कॅमेरा मागे, दृश्य रुंद, माणसे गटाने. पाहणाऱ्याच्या नजरेत आधी व्यवस्था भरते, एकेकट्या माणसाची भूक नंतर.

याच्या उलट उदाहरण मद्रास भागातील 1876-78 च्या दुष्काळाचे आहे. तिथे विलोबी वॉलेस हूपर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना जवळून टिपले. त्या फोटोंत सरकार दिसत नाही, फक्त भूक दिसते. पण मरणाच्या दारातल्या माणसांना मदत करण्याऐवजी फोटोसाठी मांडून बसवले, अशी टीका हूपर यांच्यावर झाली.

विषय एकच, दुष्काळ. एक चौकट इतकी मागे की माणूस लहान झाला, दुसरी इतकी जवळ की माणसाची वस्तू झाली. कॅमेरा किती अंतरावर ठेवायचा हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण त्यातूनच कोणाचे म्हणणे पुढे जाणार हे ठरते. फोटो शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय ही गोष्ट लक्षात येत नाही.

मोबाइलवर ही पद्धत कशी वापरायची?

जोडीने पाहण्याची ही सवय नळदुर्ग, तेरचे त्रिविक्रम मंदिर, धाराशिव लेणी किंवा गावातला आठवडी बाजार, कुठेही लावता येते.

• एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणीमहाल एकदा माणूस ठेवून, एकदा माणसाशिवाय. एकदा सकाळी, एकदा कलत्या उन्हात. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

• फोटो उलटा करून पाहा. एडिटमध्ये जाऊन तो दोनदा फिरवला की दुधी काचेसारखे दृश्य मिळते. एक बाजू जड वाटली, कोपऱ्यात नको ती चमक दिसली, तर ती लगेच खटकते.

• आवडला का, असे विचारू नका. त्याचे उत्तर छान असेच येते. आधी नजर कुठे गेली आणि शेवटी कुठे थांबली, एवढेच विचारा. तिघांनी विजेच्या तारेकडे बोट दाखवले, तर फोटो तारेचा झाला.

• दोन पावले मागे आणि दोन पावले पुढे जाऊन तोच फोटो घ्या. झूम न वापरता पायांनी अंतर बदलले की मागच्या-पुढच्या वस्तूंचे नातेच बदलते.

• माणसाचा फोटो असेल तर एक प्रश्न जास्त. टँकरपुढच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला हा फोटो दाखवता येईल का? येत नसेल, तर चौकट पुन्हा तपासायला हवी.

दीनदयाळ यांचे पुढे काय झाले?

1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे काम मांडले गेले. 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या मुलांपैकी ग्यानचंद आणि धरमचंद याच व्यवसायात होते. मात्र 1904 मध्ये धरमचंद यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, 1905 मध्ये, दीनदयाळ गेले. तोवर फोटोग्राफीच बदलू लागली होती. कोडॅकसारखे हातात मावणारे कॅमेरे आले होते आणि फोटो काढायला राजाच्या छायाचित्रकाराला बोलावण्याची गरज उरली नव्हती.

त्यांचे काम टिकले याचे एक कारण पुन्हा इंजिनीअरच्या शिस्तीत सापडते. संस्थेच्या निगेटिव्हना क्रमांक दिलेले असत, त्यामुळे कोणता फोटो कशाचा हे पुढेही शोधता आले. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने 1989 मध्ये त्यांच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह मिळवून जतन केल्या. 2006 मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आज एका सहलीत जितके फोटो निघतात, तितक्या काचा वापरायला दीनदयाळ यांना कित्येक महिने लागले असते. नळदुर्गच्या पुढच्या फेरीत साठ फोटो काढले तरी हरकत नाही. घरी आल्यावर त्यातले दोन निवडून शेजारी ठेवावेत आणि त्यांत नेमका काय फरक आहे, हे एका वाक्यात लिहून पाहावे. पुढचा फोटो कुठे उभे राहून काढायचा, हे त्या वाक्यातून कळेल.