देवळालीचे गणितानंद : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर



आपल्या बालविभागातली बरीच मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण एकोणसत्तर म्हटले की थांबतात आणि आईकडे बघतात. त्यामुळे मराठीतून गणिताची गंमत सांगायची म्हटले की पहिली अडचण आकड्यांच्या नावांचीच येते. गणेशोत्सवाच्या सुट्टीत मी मुलांना एक खेळ दिला, त्यात ही अडचण आली नाही, कारण त्यात बोलावे लागत नाही, फक्त वजाबाकी करावी लागते. खेळ ज्यांचा, त्यांची ओळख पालकांनाही करून द्यावी म्हणून हा लेख.

आधी खेळ. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तेच करा. समजा ३५२४ घेतली. ५४३२ मधून २३४५ वजा केले की ३०८७. आता ८७३० मधून ०३७८ वजा केले की ८३५२. पुढे ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४. पुन्हा करून पाहा, ७६४१ मधून १४६७ गेले की परत ६१७४. तिथून सुटका नाही. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. एवढे मात्र सांभाळा, की मध्ये तीन अंकी उत्तर आले तर त्याच्या आधी शून्य लिहून चार अंक पुरे करायचे. तीन अंकी संख्यांवर हाच खेळ खेळलात तर ४९५ वर येऊन थांबाल.

ही गोष्ट शोधून काढली नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी. आज जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचे वेड होते. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. मुलाने ज्योतिष बाजूला ठेवले आणि आकडे उचलले. ठाण्याला शाळेत असताना कोडी सोडवण्यात त्यांचे तासन्‌तास जात. पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली आणि औपचारिक शिक्षण तिथेच संपले. एम. एस्सी. नाही, संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. १९३० मध्ये ते देवळालीला शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

बत्तीस वर्षे शाळेत गृहपाठ तपासणाऱ्या माणसाच्या हातून जे घडले ते त्या कामाच्या फटींतून घडले. शिकवण्यातही त्यांनी तेच वापरले. मुलांना आकड्यांची गोडी लावायची तर आधी आकड्यांशी खेळू द्यायचे, ही त्यांची रीत होती, आणि ती पाहायला-ऐकायला आसपासची कॉलेजे त्यांना व्याख्यानाला बोलावत. लोक त्यांना गणितानंद म्हणू लागले.

त्यांनी संख्यांना दिलेली नावे पाहिली की माणूस कळतो. मुंबईहून सुमारे तीस मैलांवर जी. आय. पी. रेल्वेचे एक स्टेशन होते, आजचे डोंबिवली. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्टेशनाच्या जुन्या नावावरून डेम्लो संख्या असे नाव दिले. १६५ पाहा, कडेचे १ आणि ५ मिळून मधला ६ होतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ हीसुद्धा हर्षदच आहे. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. त्यातही १९ आणि ९१ एकमेकांचे आरसे!

कापरेकर संख्या तर आपण सर्वांनी नुकत्याच कॅलेंडरवर पाहिल्या आहेत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चे तुम्हीच करा.

मला स्वतःला सर्वांत आवडतात त्या स्वयंभू संख्या. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. म्हणजे २३ ही २८ ची जनक. आता उलट विचारा, २० ची जनक कोण? कोणीच नाही. १५ पासून २१ येते, १४ पासून १९ येते, २० कुणापासूनच येत नाही. अशा आईबापांशिवायच्या संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले, आणि आपल्या गावाचे नाव देऊन देवळाली संख्याही म्हटले. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३ अशी ती रांग चालते. याच्या उलट १०१ ला मात्र दोन जनक आहेत, ९१ आणि १००. या संख्यांवर १९६३ साली त्यांची पुस्तिका निघाली. पुढे १९७४ मध्ये हाच विचार कोलंबियातून स्वतंत्रपणे मांडला गेला, त्यामुळे परदेशी पुस्तकांत त्या कोलंबियन संख्या या नावानेही आढळतात. देवळालीचे नाव मागे पडले याची मला थोडी रुखरुख वाटते, पण असो.

६१७४ चा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितला. त्यावरचा लेख १९५५ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात आला. इथल्या गणिताच्या प्राध्यापकांपैकी अनेकांना हे सारे क्षुल्लक वाटे. त्यांच्या म्हणण्यात काहीच नव्हते असे नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ६१७४ चा गुण आपल्या दशमान लिखाणाचा आहे. दहाऐवजी दुसऱ्या पायावर संख्या लिहिल्या तर चित्र बदलते. पाच अंकी संख्यांना तर एकच एक मुक्कामाची जागाही नाही, त्या चक्रात फिरत राहतात. खेळामागचे कारणही फार खोल नाही. पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला एक, आणि मधल्या दोन अंकांतला दुसरा. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज करा, तेच उत्तर. अशा जोड्या होतात अवघ्या ५४. म्हणजे हजारो संख्या एका वजाबाकीत ५४ दारांपाशी येऊन उभ्या राहतात, आणि ती सगळी दारे ६१७४ कडेच उघडतात.

पण आठवीतल्या मुलाला हे समजते, आणि समजल्यावर त्याला पुढचा प्रश्न स्वतःहून सुचतो. कापरेकरांची कमाई मला यात दिसते. विद्वानांचा रस कमी होता म्हणून ते थांबले नाहीत. काही लेख लहान नियतकालिकांत छापले, काही पुस्तिका स्वतःच छापून काढल्या आणि वाटल्या. परिषदांना जात राहिले, जो ऐकेल त्याला सांगत राहिले.

१९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून उतारवयात त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. म्हणजे ज्या काळात त्यांच्या संख्या सातासमुद्रापार पोचत होत्या, त्याच काळात ते देवळालीत शाळकरी मुलांची गणिते सोडवून देत होते. मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या गणिती खेळांच्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांवर लिहिले. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर मात्र जगभरच्या हौशी मंडळींनी त्यांच्या संख्यांवर काम सुरू केले, ते अजून चालू आहे. १९८६ साली देवळालीलाच त्यांचे निधन झाले.

शेवटी आमच्या बालविभागातल्या एका मुलीने शोधलेली गंमत. तिने मास्तरांचे जन्मवर्ष घेऊन खेळ खेळला. १९०५ पासून ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. मोजून सात पायऱ्या, याहून लांबचा रस्ता नाहीच. मग तिने १९८६ घेतले. पहिल्याच वजाबाकीत ८१७२ आले, आणि तिथून पुढे तोच रस्ता. तुमच्या घरातल्या मंडळींची जन्मवर्षे किती पायऱ्यांत पोचतात ते कागदावर मांडून पुढच्या रविवारी घेऊन या. आजी-आजोबांचीही आणा. १११ आणि २२२ ही इसवी सने तीन अंकी आहेत म्हणून नव्हे, पण ११११ आणि २२२२ साली जन्मलेल्यांना मात्र खेळता येणार नाही!